द्वारकेला किती तापली? झेडएक्स-६आर आणि रोजचे ३२ किलोमीटर, नऊ महिन्यांची वही

नाशिकमध्ये जेल रोड ते सातपूर एमआयडीसी, जाऊन-येऊन ३२ किलोमीटर. गाडी कावासाकी निंजा झेडएक्स-६आर, २०१९ चं मॉडेल, सेकंडहँड. माझ्या दारात आली तेव्हा मीटरवर १४,२०० होते. मार्चपासून ऑफिसला रोज हीच नेतो. स्कूटर विकून टाकली, नाहीतर पहिल्याच आठवड्यात परत तिच्यावर बसलो असतो हे मला पक्कं माहीत होतं.

६३६ सीसी, चार सिलिंडर, १३,५०० आरपीएमला १३० पीएस. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. माझ्या वहीत मात्र यातला एकही नाही. माझ्या वहीत एकच आकडा रोज लिहिला जातो: संध्याकाळी परतीच्या वाटेवरच्या द्वारका सर्कलला कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान किती होतं. नाशकात पूर किती आला हे कोणी क्युसेकमध्ये विचारत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कमरेला लागलं की गळ्याला, एवढंच विचारतात. माझी द्वारका तशीच. तो आकडा कळला की उजवी मांडी किती भाजली, डावा हात किती आखडला, घरी येऊन मी कोणाशी किती बोललो, सगळं कळतं.

एप्रिल, ओडोमीटर १४,९०० च्या आसपास

सकाळी पावणेआठला निघालो तर काहीच त्रास नाही. उपनगर नाक्यापर्यंत गाडी नुसती गरम होत असते, नासर्डी पुलावर ८०-८२, द्वारकेला फार तर ९४. खेळ सुरू होतो परतीला. साडेसहा वाजता मुंबई नाक्यावरून द्वारकेकडे. कृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली म्हणतात, आमची रोज संध्याकाळी रिक्षांमध्ये बुडते.

एप्रिलची सरासरी १०६. सगळ्यात वाईट दिवस १०९. माझ्या गाडीचा पंखा १०२-१०३ ला सुरू होतो आणि त्याची हवा थेट मांडीवर येते, इस्त्रीवाल्याच्या टेबलाशेजारी उभं राहिल्यासारखी. पहिल्यांदा १०० च्या वरचा आकडा पाहिला तेव्हा घाबरून गाडी कडेला घेतली होती. पाणी उकळलं असणार असं वाटलं. तसं नसतं. कूलिंग सिस्टीम झाकण लावलेली, दाबाखालची असते, कुकरसारखी, आणि कूलंट म्हणजे नुसतं पाणीही नाही. त्यामुळे उकळायचा बिंदू शंभराच्या बराच वर जातो. १०५ ला इंजिनाला काही होत नाही. होतं ते आपल्यालाच.

या गाडीच्या नाकात हवा ओढायला मोठं भोक आहे, रॅम एअरचं. जितका वेग तितकी हवा इंजिनात दाबून जाते. द्वारकेला माझा वेग ताशी ४ किलोमीटर. त्या भोकात एकदा चिंचेचं पान सापडलं.

मे

महिनाभर इंजिन बंद-चालूचे प्रयोग केले. लोक सांगतात, सिग्नलला बंद कर, थंड राहील. मी घड्याळ लावून पाहिलं. बंद केल्याबरोबर आकडा आधी वर जातो, कारण इंजिन थांबलं की पाणी फिरवणारा पंपही थांबतो आणि सिलिंडरभोवतीचं गरम पाणी तिथेच अडकून बसतं. पुन्हा चालू केलं की सुरुवातीला दोन-तीन अंश जास्तच दिसतात. थांबा दीड-दोन मिनिटांचा असेल तरच फायदा. चाळीस सेकंदांचा सिग्नल असेल तर उगाच बॅटरी खर्च. आता सिग्नलवर आकडे उलटे मोजणारी पाटी असली की ७० च्या वर दिसले तर बंद, नाहीतर चालू. पाटी बंद असली तर शेजारच्या रिक्षावाल्याकडे बघायचं. त्याने बंद केली की आपणही. त्याला सिग्नल माझ्यापेक्षा जास्त कळतो.

त्याच रिक्षावाल्यांचा ठरलेला प्रश्न: "भाऊ, ॲव्हरेज किती देते?" खरं सांगतो, शहरात १४.८. मग तो जी शांतता पाळतो ती मला एक्झॉस्टच्या आवाजापेक्षा जास्त ऐकू येते. कॉम्प्रेशन १२.९ ला १ असल्यामुळे पेट्रोल ९५ ऑक्टेनचं लागतं. दिवसाला दोन लिटरच्या वर. हिशेब मांडला होता, पान फाडून टाकलं.

जून, ओडो १६,३५०

पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १५ दातांचं काढून १४ चं बसवलं. हा बदल का केला ते जरा सविस्तर सांगतो, कारण रोज वापरणाऱ्याला हाच सगळ्यात कामाचा आहे.

ही गाडी ट्रॅकसाठी बांधलेली, त्यामुळे पहिला गिअर लांबलचक. एकाच गिअरमध्ये शंभराच्या आसपास जाते. ऐकायला भारी वाटतं, पण त्याचं दुसरं टोक असं की पहिल्यात क्लच पूर्ण सोडला आणि ॲक्सिलरेटरला हातही लावला नाही, तरी ती ताशी ९-१० ने चालते. समोरची गर्दी ४ ने सरकतेय. म्हणजे मधलं सगळं अंतर क्लच अर्धा दाबून, घासत घासत काढायचं. मुंबई नाका ते द्वारका मी एकदा क्लच दाबायची मोजदाद केली. ११८ नंतर आकडा चुकला. घरी येऊन जिन्यात किल्ली डाव्या हाताने फिरवता आली नाही, उजव्याने फिरवली.

१४ दातांमुळे गिअरिंग साधारण सात टक्क्यांनी आखूड झालं. मागे दात वाढवूनही तेच साधतं, पण पुढचं स्वस्त आणि तासाभराचं काम. तापमानावर फरक? शून्य. एखादा अंश खाली दिसला, तो उन्हाळा संपल्याचा असेल. हातावर फरक मात्र पहिल्या दिवशीच जाणवला. क्लच दाबायचा तो आता निम्म्या वेळा नुसता हलका धरून भागतं. तोटा एवढाच की लहान चाकावर चेन जास्त वळते, झिजेल लवकर. दर ५०० किलोमीटरला चेन पुसून ल्यूब लावतो. पावसात ३०० ला.

क्विकशिफ्टरबद्दल, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलण्याच्या सोयीबद्दल, दोन जणांनी विचारलं. आहे, वर जाताना चालतो. जेल रोड ते सातपूर या मार्गावर त्याचा उपयोग त्र्यंबक रोडवर दोनदा होतो.

जुलै

पाडली.

वेग शून्य. सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना पेव्हर ब्लॉकचा उतार आहे, त्यावर शेवाळ. थांबून डावा पाय टेकवला, बूट सरकला, आणि १९६ किलो एकदा कलायला लागले की धरायचे नसतात हे मला माहीत असूनही मी धरले. क्लच लिव्हरचं टोक मोडलं, डावा आरसा हलला, फ्रेम स्लायडरने बाकीचं वाचवलं. खांदा आठ दिवस दुखला. वॉचमन काका धावत आले, दोघांनी मिळून उभी केली, आणि ते म्हणाले, "साहेब, ही पळताना दिसते तशी उभी राहत नाही." नऊ महिन्यांत या गाडीबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नाही.

लिव्हर यायला बारा दिवस लागले. तोवर तुटक्या लिव्हरनेच. बोटं तीन मावत होती.

टायरमधली हवा मॅन्युअलप्रमाणे पुढे ३६, मागे ४२. पावसात कमी करावी असा सल्ला मिळतो, मी केली नाही. त्याऐवजी पॉवर मोड 'लो' वर ठेवला आणि ट्रॅक्शन कंट्रोल सगळ्यात जास्त पायरीवर. द्वारकेच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एकदा मागचं चाक किंचित सरकलं आणि गाडीने स्वतःच श्वास रोखल्यासारखं केलं. तेवढ्याने समाधान.

ऑगस्ट, ओडो १७,९००

हा महिना मला चक्रावून गेला. हवा गार, पाऊस चालू, आणि वहीत १०५, १०६, १०८. थेट एप्रिलसारखे. थर्मोस्टॅट गेला असेल म्हटलं. कूलंटची पातळी पाहिली, बरोबर. पंखा फिरतोय. एका रविवारी खाली बसून बॅटरीच्या उजेडात रेडिएटर पाहिला आणि कपाळाला हात लावला. सिंहस्थाच्या तयारीने शहरातले निम्मे रस्ते उकरले होते. तो सगळा चिखल पुढच्या चाकाने उडवून रेडिएटरच्या जाळीत थापला होता. वाळून पक्का झालेला, शेणाने सारवल्यासारखा. हवा जाणार कुठून?

त्याहून मोठी चूक त्याआधीच झाली होती. एका वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला दिली आणि पोराने प्रेशरचा पाइप थेट समोरून जाळीवर मारला. चिखल आत गेला आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या लोळल्या, वाऱ्याने गव्हाचं शेत आडवं होतं तशा. दोष त्याचा नाही, मी शेजारी उभा राहून मोबाइल बघत होतो.

फेअरिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, काढलं. साध्या नळाचं पाणी मागून पुढे, म्हणजे इंजिनाकडून बाहेरच्या दिशेने, हळूहळू सोडलं. चहाच्या रंगाचं पाणी अर्धा तास निघत होतं. मग आईची क्रोशाची सुई मागून घेतली आणि स्टुलावर बसून एकेक पाती उभी केली. आकडी खाली ठेवायची, सुईचा गुळगुळीत भाग पातीच्या कडेला लावायचा आणि केस विंचरतो तितक्याच जोराने वर न्यायचं. जोर जास्त झाला तर पातीमागची नळी फुटते आणि मग सुईने काही होत नाही. साडेतीन तास. तळहाताएवढ्या भागातल्या पात्या गेल्याच आहेत, बाकीच्या सरळ झाल्या. आईने सुई परत घेतली नाही.

सोमवारी द्वारका: ९९. नऊ महिन्यांत एका कामाने एवढा फरक कशानेच पडला नाही. आता पुढच्या मडगार्डला खालून रबराचा फ्लॅप लावलाय. दिसायला भिकार आहे. राहू दे.

सप्टेंबर-ऑक्टोबर

रस्ता बदलला. परतीला द्वारका टाळून सातपूरहून अंबड, पाथर्डी फाटा, पाथर्डी गाव, वडनेर दुमाला, विहितगाव आणि नाशिकरोड. तीन-साडेतीन किलोमीटर जास्त पडतात, वेळ पाच मिनिटं कमी लागतो. तापमान ९१ च्या वर गेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पन्नासने गाडी अशी गुपचूप चालते की हीच ती का असा प्रश्न पडतो.

अंधारात मात्र त्या रस्त्याने येत नाही. बिबट्या त्या भागात काय करून गेलाय ते नाशिककरांना सांगायला नको. उशीर झाला तर द्वारका, मांडी भाजली तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, मग वहीतला द्वारकेचा आकडा कुठून येणार? म्हणून गुरुवारी मुद्दाम द्वारकेवरून येतो. हसा.

नोव्हेंबर, ओडो २०,१००

मागचा टायर बदलला. १८०/५५, कडांना नवा आणि मधोमध पाटासारखा सपाट. सरळ रस्त्यावर झिजवला की असं होतं. गाडी वळवताना आधी ती नको म्हणते आणि मग एकदम पडते आडवी. या वेळी स्पोर्ट-टूरिंगचा घेतला, मधलं रबर कडक असलेला. ग्रुपमधल्या एकाने तोंड वाकडं केलं. तो गाडी महिन्यातून दोनदा काढतो, मिसळ खायला.

मनगटांचं विचारणाऱ्यांसाठी: हँडल उंच करणारे क्लिप-ऑनचे रायझर बसवले नाहीत. पोटाने आणि मांड्यांनी टाकी धरून बसायची सवय दोन महिन्यांत लागते. पाठीला लॅपटॉपची बॅग मात्र अजिबात नको. पाठीवरचं वजन मनगटावर येतं. मागच्या सीटला टेल बॅग बांधली तेव्हा कुठे आठवडाभराचा मुंग्या येण्याचा त्रास गेला.

यू-टर्न एका दमात होत नाही, तो विषयच काढू नका. विजय-ममता सिग्नलला मी गाडी अजूनही मागे-पुढे करून वळवतो आणि मागचा बसवाला मला नाव ठेवतो.

डिसेंबर, ओडो २१,४००

सकाळी सातला दहा अंश. चोक-बिक काही नाही, बटण दाबलं की चालू, पण टायर थंडगार असतात. पहिले पाच किलोमीटर मी म्हाताऱ्यासारखा चालवतो. उपनगरला ६०, नासर्डीला ७४. या दिवसांत इंजिनाची ऊब मांडीला हवीशी वाटते आणि एप्रिलमध्ये हिला दिलेल्या शिव्या आठवतात.

आई मार्चमध्ये दार उघडताना विचारायची, "हळू आलास ना?" आता विचारते, "आज किती?" गुरुवारी ९२ सांगितले तर म्हणाली, "बरी आहे मग."

राहिलेली कामं: पुढचे ब्रेक पॅड निम्मे झालेत, फेब्रुवारीपर्यंत जातील. कूलंट आधीच्या मालकाने कधी बदलला ते कागदात नाही, त्यामुळे उन्हाळ्याआधी पूर्ण काढून नवा भरायचा. दोन कॅन आणून ठेवलेत, जिन्याखाली, कांद्याच्या पोत्याशेजारी.