झेंड्याच्या रंगाचा टब

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, ऑरेंज काउंटीत, वेस्टमिन्स्टर म्हणून गाव आहे. तिथल्या बोल्सा अव्हेन्यूला वळलं की दुकानांच्या पाट्या व्हिएतनामी होतात. हे ‘लिटल सायगॉन’. आम्ही अधूनमधून फो (त्यांचं नूडल्सचं सूप) खायला जातो. जागोजागी पिवळा झेंडा दिसतो, त्यावर तीन लाल पट्टे. हा दक्षिण व्हिएतनामचा. ३० एप्रिल १९७५ ला त्याची राजधानी सायगॉन कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामच्या हाती पडली, तो देशच गेला. झेंडा मात्र निर्वासितांनी सोबत आणला.

या झेंड्याच्या बाबतीत इथे थट्टा चालत नाही. १९९९ मध्ये एका व्हिडिओवाल्याने दुकानात कम्युनिस्ट नेता हो ची मिन्हचा फोटो आणि आजच्या व्हिएतनामचा पिवळ्या चांदणीचा लाल झेंडा लावला, तर बाहेर पन्नासेक दिवस निदर्शनं चालली. हजारो माणसं जमायची.

मला जास्त अस्वस्थ करते ती २००८ ची गोष्ट. चाऊ हुइन या चित्रकर्तीची सासू नेल सलूनमध्ये काम करणारी. परक्यांचे पाय धुऊन, नखं रंगवून घर चालवलेलं. सुनेने पेडिक्युरचा टब घेतला, पिवळा रंगवला, त्यावर तीन लाल पट्टे ओढले. सासूच्या कष्टांना तिचा हा नमस्कार. ‘न्गुओई व्हिएत’ या तिथल्या जुन्या दैनिकाने त्याचा फोटो टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, विशेषांकात छापला (आपल्याकडे दिवाळी अंक, तसा त्यांचा हा). लोकांना दिसलं एवढंच: झेंड्यात पाय! कचेरीसमोर निदर्शनं, दैनिकाची माफी, संपादकांच्या नोकऱ्या गेल्या.

‘बोलायची सोय नाही म्हणून देश सोडला आणि इथे येऊन दुसऱ्याचं तोंड दाबता?’ हा टोमणा सोपा आहे. त्या गर्दीत कम्युनिस्टांनी छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं डांबलेले दक्षिणेचे माजी सैनिकही असतात, त्यांना तो कोण मारणार? तरी मी चाऊच्याच बाजूची. हा समाज अमेरिकेत उभा राहिला त्यात अशा टबांपुढे वाकलेल्या बायकांचा वाटा केवढा मोठा! झेंड्यावर त्यांचा हक्क नाही?

पुढच्याच वर्षी सांता आनाच्या एका प्रदर्शनात ब्रायन डोअन या छायाचित्रकाराचा फोटो लागला: पिवळ्या चांदणीचा लाल बनियन घातलेली मुलगी, शेजारी हो ची मिन्हचा छोटा पुतळा. प्रदर्शन मुदतीआधीच गुंडाळावं लागलं.

हल्ली आपली मंडळी हनोईला जाऊन तसलेच लाल टी-शर्ट आणतात. इकडे याल तेव्हा बोल्सावर तो घालून फिरू नका.