मूळ मधोमध चिरायचं

कॅनडात बर्च झाडाच्या सालीची होडी बांधायला शिकायला गेले होते. त्या बारा दिवसांपैकी तीन दिवस मी नुसती मुळं चिरत बसले होते. आज कुणी विचारलं, "क्वेबेकला काय काय पाहिलंस?" तर मला आधी ती मुळंच आठवतात. तळं नंतर.

ब्लॅक स्प्रूस नावाचं झाड तिथल्या दलदलीत वाढतं. त्याची मुळं खोल जात नाहीत, शेवाळाच्या गादीखाली आडवी पसरतात. पेन्सिलीएवढं जाड मूळ बोटांनी चाचपून शोधायचं आणि शेवाळ हलकेच उचलत त्याच्या मागे मागे जायचं. कधी दहा-बारा फूट सलग मिळतं. मध्येच दुसरं मूळ वरून गेलेलं असलं, तर आपलं त्याच्या खालून ओढून घ्यायचं. वरचं तोडायचं नाही. एका झाडाची दोन-तीनच घ्यायची, मग पुढच्या झाडाकडे. काढून झाल्यावर शेवाळ परत होतं तसं दाबून ठेवायचं. बर्चच्या सालीच्या होडीत एकही खिळा नसतो. ही मुळं म्हणजेच तिची सगळी शिवण, आणि चौदा फुटांच्या होडीला ती काही शे फूट लागतात.

पण अख्खं मूळ शिवायला चालत नाही. साल काढून त्याचे उभे दोन भाग करावे लागतात, म्हणजे एक बाजू सपाट होते आणि ती होडीला घट्ट चिकटून बसते. जाड टोकाला सुरीने चीर द्यायची, एक फाक दातांत धरायची, दुसरी हातात, आणि अंगठ्याच्या नखाने चीर पुढे न्यायची. पहिल्या दोन फुटांत वाटतं, जमलं. मग चीर हळूच एका बाजूला सरकायला लागते. एक फाक जाड, दुसरी बारीक, आणखी बारीक, आणि टप्. बारा फुटांचं मूळ, ज्यासाठी तासभर चिखलात गुडघे टेकले होते, ते पाच फुटांवर संपतं.

माझी पहिल्या दिवशी सतरा मुळं अशी गेली. मी मोजली होती.

आमचे शिकवणारे सत्तरी ओलांडलेले, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी अनिशिनाबे अल्गॉनक्विन जमातीचे गृहस्थ होते. त्यांचा भाचा त्यांना 'मिशोमिस' म्हणायचा, म्हणजे आजोबा. मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. संध्याकाळी ते माझ्याशेजारी येऊन बसले, एक मूळ घेतलं आणि चीर मुद्दाम वाकडी जाऊ दिली. मग म्हणाले, "आता बघ." त्यांनी बारीक फाक अगदी सरळ धरली आणि जाड फाक बाहेरच्या बाजूला जास्त वाकवली. चीर माझ्या डोळ्यांसमोर सरकत सरकत मधोमध आली. चीर जास्त वाकलेल्या बाजूकडे जाते, एवढंच. बारीक झालेली फाक वाचवायला म्हणून मी दिवसभर तिलाच ओढत होते, आणि तिथेच मुळं तुटत होती.

कुडाळच्या बाजारात लहानपणी बुरूड बांबू फोडताना पाहिलेला आहे. कोयत्याचा एक घाव, मग नुसत्या हातांनी कांबीच्या कांबी सरळ निघायच्या. त्याच्या हातातला तो किंचितसा पीळ मी तेव्हा पाहिलाच नव्हता. तो पाहायला मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी क्वेबेकमधल्या मनिवाकी गावापुढच्या जंगलात यावं लागलं, याचं वाईट वाटलं.

इथे येण्याचं कारण पीटरबरो शहरातलं कनू म्युझियम, म्हणजे होड्यांचं संग्रहालय. त्याची नवी इमारत २०२४ मध्ये लिटल लेकच्या काठावर उघडली. टोरोंटोहून ऑटवाला जाताना ते वाटेवरच पडतं. सहाशेच्या वर होड्या आहेत तिथे. मुलं कंटाळून बाहेर गेली तरी मी एका सालीच्या होडीपुढे उभीच होते. माझ्या मामांची उलांडीची, म्हणजे बाजूला तोल सांभाळणारं लाकूड जोडलेली, होडी आठवली. आचऱ्याच्या खाडीत मी तिच्यात बसून वाढले. दहा वर्षांपूर्वी ती जळणात गेली आणि दारात फायबरची आली. मामांना त्याबद्दल बोल लावणार नाही, लाकूड आणि सुतार दोन्ही परवडेनासे झाले होते. पण ती बांधताना कुणी पाहिली होती का, कुणी काही लिहून ठेवलं होतं का, तर नाही. ते मला सलत होतं.

उत्तर अमेरिकेतल्या होड्यांची नोंद एका माणसाच्या ध्यासामुळे राहिली. टॅपन ॲडनी १८८७ मध्ये सुट्टीसाठी न्यू ब्रन्सविकला गेला आणि तिथल्या मूळ रहिवासी कारागिराकडे होडी बांधायला शिकला. पुढे जन्मभर त्याने निरनिराळ्या जमातींच्या होड्यांची मोजमापं घेतली आणि हुबेहूब छोटे नमुने बनवले. त्यातले शंभरावर नमुने आज व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या म्युझियममध्ये आहेत. आणि जिथे मी गेले, त्या मनिवाकीला लागूनच किटिगन झीबी ही अनिशिनाबे लोकांची वस्ती आहे. तिथले विल्यम कमांडा (१९१३–२०११) जमातीचे प्रमुख होते आणि नावाजलेले होडी बांधणारेही. कॅनडात पिढ्यान् पिढ्या मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडलं, त्यांची भाषा बोलली तर मारलं. हे १९९० च्या दशकापर्यंत चाललं. मुलं जंगलात आजोबांबरोबर असायच्या वयात शाळेच्या भिंतीआड होती, तर मुळं चिरायला शिकणार कुठून? तरीही हे हात टिकले, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

शिकायला जाताना तंबाखू न्यावी लागते. तशी रीतच आहे. वडीलधाऱ्याकडे विद्या मागायची तर त्याच्या हातात तंबाखू ठेवायची. आमच्या घरात तंबाखूचं नाव काढलेलं चालत नसे. मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात जाऊन ती मागितली. झाडाची साल घेण्याआधी मिशोमिसनी त्यातलीच चिमूटभर बुंध्याशी ठेवली आणि त्यांच्या भाषेत झाडाशी बोलले. आम्ही सहा जण गप्प उभे. काळ्या माश्या कानामागे तोडत होत्या, तरी कुणी हात हलवला नाही.

जूनच्या शेवटी ते जुलैच्या सुरुवातीला साल सुटते. झाडाला शिडी लावून वरपासून खालपर्यंत एकच उभा छेद दिला आणि साल आपणहून, आवाज करत, फाकली. आत ओलसर, फिकट बदामी रंग. तळवा ठेवला तर थंडगार. "आतल्या सालीला सुरी लागता कामा नये," एवढं एकच त्यांनी तीनदा बजावलं. आतली साल शाबूत राहिली तर झाड जगू शकतं. होडीच्या लायकीचं झाड सापडायला मात्र आम्हाला दीड दिवस लागला. जाड बुंधा, खालपर्यंत फांदी नाही, आणि सालीवरच्या आडव्या रेघा आखूड. वाकवून बघायची. रेघांवर तडकली, की ते झाड सोडून द्यायचं. मोठी बर्च झाडं आता फार थोडी उरली आहेत. लाकूडतोडीत गेली.

आपल्याकडचं भूर्जपत्र म्हणजे याच कुळातल्या, हिमालयातल्या झाडाची साल. बख्शाली नावाच्या जुन्या हस्तलिखितातलं गणित तिच्यावरच लिहिलेलं आहे. मी हे सांगितल्यावर मिशोमिस म्हणाले, "आमच्या पवित्र गुंडाळ्याही याच सालीवर आहेत." मग बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

होडीत साल उलटी लागते, हे मला माहीत नव्हतं. पांढरी बाजू आत आणि झाडाला चिकटलेली बदामी बाजू बाहेर, पाण्याला. जमीन साफ करून साल पसरली, तिच्यावर लाकडी सांगाडा, सांगाड्यावर दगड. मग कडांना छेद देऊन त्या वर वळवल्या आणि भोवती खुंट्या ठोकल्या. काठाच्या पट्ट्या आतून एक, बाहेरून एक, मध्ये साल, आणि हे सगळं आमच्या मुळांनी बांधलेलं. फासळ्या पांढऱ्या सीडरच्या लाकडाच्या, उकळतं पाणी ओतून गुडघ्यावर वाकवायच्या. वाकड्या सुरीची सवय व्हायला वेळ लागला. तिचं पातं जुन्या कानशीचं असतं, आणि ती तळवा वर करून स्वतःकडे ओढायची. फरच्या व्यापाराच्या जुन्या काळात अशाच सालीच्या, ३६ फूट लांबीच्या होड्या तीन टनांच्या आसपास माल घेऊन ऑटवा नदीतून वर जात. शिवण तीच, मुळांचीच.

राहण्याची सोय वाईट होती. ज्या कॉटेजमध्ये उतरले, तिथे शाकाहारी जेवण मिळेल असं आधी लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात चार दिवस उकडलेले बटाटे मिळाले. पाचव्या दिवशी मिशोमिसच्या बहिणीने मला स्वतःच्या स्वयंपाकघरात नेलं आणि रानतांदूळ शिजवून वाढला. वर मेपलचा पाक. पुढे रोज डबा यायचा. मी पैसे देऊ केले तेव्हा त्या रागावल्या.

मन खरं दुखावलं ते आमच्यातल्याच एकामुळे. फासळ्या ठोकून बसवायच्या दिवशी एक फासळी जरा जास्त पुढे गेली आणि साल वीतभर तडकली. हातोडा माझ्या हातात होता. तो गृहस्थ म्हणाला, "वेळ वाचवू या. गाडीत चिकटवायचं सिमेंट आहे, लावून टाकतो. पाण्यात गेल्यावर कोण बघतंय?" तो मदतच करत होता, हे मला कळतं. पण तीन दिवस गुडघाभर चिखलात काढलेली मुळं बाजूला भिजत पडलेली असताना हे बोलणं मला सहन झालं नाही, आणि मी जोरात बोलले. मिशोमिसनी वाद घातला नाही. सालीचा एक तुकडा कापला, आतून लावला, माझ्या हातात आरी दिली. भोकं पाडायची, पण एका ओळीत नाहीत, एक पुढे एक मागे, नाहीतर साल त्या रेषेवर फाटते. मी शिवलं. अडीच तास लागले.

शेवटून दुसऱ्या दिवशी राळ कढवली. स्प्रूसची राळ, त्यात चरबी आणि कोळशाची पूड. रात्रीचे साडेआठ वाजले होते, म्हणजे आचऱ्याला सकाळचे सहा. मामा त्या वेळी उठलेले असतात. टेकाडावर चढलं तर फोनला रेंज यायची, म्हणून राळेचं भांडं आणि मिशोमिस दोघांनाही मी टेकाडावर चढवलं.

मामा पडद्यावर आले. बनियनवर, हातात चहा.

"मामानू, ही बघा होडी. खिळो नाय एकव."

"नाय? मगे धरता कित्यान?"

मी मूळ दाखवलं. मामांनी चहा खाली ठेवला. "काथ्यान शिवतत तसा," म्हणाले. गोव्यात काथ्याने शिवून बांधलेलं कौंडिण्य जहाज २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं, ते त्यांनी बातम्यांत पाहिलं होतं. मग थेट मुद्द्यावर आले. "राळेत चरबी कित्याक घालतत? ईचार तेका."

मी विचारलं. मिशोमिस म्हणाले, नुसती राळ थंड पाण्यात कडक होते आणि तडकते. चरबीने ती लवचिक राहते. पण जास्त झाली तर उन्हात ओघळते. म्हणून सालीची पट्टी राळेत बुडवून थंड पाण्यात धरायची आणि वाकवून बघायची. तडकली तर चरबी घाल, बोटाचा ठसा उठला तर राळ घाल. त्यांनी ते तिथेच करून दाखवलं.

मामा फोनच्या अगदी जवळ आले होते. पडद्यावर नुसता त्यांचा डोळा आणि अर्धं कपाळ दिसत होतं. "आमी तेलात कढवू," म्हणाले, "आनी पारख नखान करू. नख रुतला पायजे, पन चिकटूक नाय पायजे. सांग तेका."

मी सांगितलं. मिशोमिसनी आपलं नख राळेवर टेकवलं, उचललं, निरखून पाहिलं आणि पुन्हा टेकवलं. मग भाच्याला हाक मारून आणखी जरा चरबी आणायला सांगितलं.

"काय म्हनता तो?" मामांनी विचारलं.

"चरबी कमी पडली म्हनता."

"माका दिसलाच होता," मामा म्हणाले. "रंग बघ ना तिचो. आता काठ दाखय. शिवण जवळसून दाखय. तुझी खयची?"

मी फोन काठावरून हळूहळू फिरवत नेला, ठिगळापाशी थांबवला आणि बोट ठेवलं.