उजव्या डोळ्याची वही

आईच्या उजव्या डोळ्याला पहिलं लेसर करून सात वर्षं झाली. अजूनही कुणी भेटलं की विचारतं, "मग, आता दिसतं का त्यांना?" मी सांगते, ते लेसर दिसण्यासाठी नव्हतंच. डोळ्यातला दाब उतरावा आणि आईला झोप लागावी, एवढ्यासाठी ते होतं.

तिच्या डोळ्याच्या पडद्यातली शीर बंद पडली होती. काही महिन्यांनी बुबुळावर नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाटच त्यांनी बुजवली. साधारणपणे 10 ते 21 असतो तो दाब 48 वर गेला, म्हणजे काचबिंदूच झाला. उलट्या व्हायला लागल्या तेव्हा आम्ही दोन दिवस पित्त समजून बसलो. ते दोन दिवस मला आजही छळतात. आई भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची, कारण आडवं झालं की जास्त ठणकायचं.

चार प्रकारचे थेंब सुरू झाले, वर दाब उतरवणाऱ्या असेटाझोलामाइडच्या गोळ्या. गोळ्यांनी तिच्या बोटांना झिणझिण्या यायच्या, सुई धरता यायची नाही. काचबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन अशा डोळ्यात सहसा टिकत नाही, केलेली वाट व्रण भरून पुन्हा बंद होते. डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, मोरी तुंबलीय आणि ती मोकळी होत नाही. म्हणून आपण नळच थोडा कमी करू."

नळ म्हणजे सिलिअरी बॉडी, डोळ्यातलं पाणी तयार करणारा भाग. डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन देऊन पांढऱ्या भागावर पेनासारखा प्रोब टेकवतात. 810 नॅनोमीटरचा डायोड लेसर आतल्या रंगद्रव्यात शोषला जातो आणि पाणी बनवणाऱ्या काही पेशी उष्णतेने मरतात. घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागा सोडतात, कारण तिथून महत्त्वाच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "मधेच टप्प करून वाजलं ते काय गं?" तो आवाज आला की लेसरची ताकद कमी करायची, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. नळ किती बंद होईल हे आधी नेमकं सांगता येत नाही. जास्त बंद झाला तर दाब फार उतरतो, डोळा आकसूही शकतो. म्हणून ते बेताबेताने करतात.

मी एका वहीत दाब लिहायला लागले. आठवड्याने 30. सहा आठवड्यांनी 17, गोळ्या बंद. त्या रात्री आई सलग सात तास झोपली, तेही मी वहीत लिहून ठेवलंय.

चौदा महिन्यांनी 33. मला वाटलं, संपलं, लेसर फुकट गेलं. उरलेल्या पेशी पाणी बनवतच राहतात आणि पुष्कळांना हे लेसर पुन्हा करावं लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी कुणी नीट सांगितलं असतं तर ते आठ दिवस मी रडत काढले नसते. दुसऱ्यांदा केलं. तेव्हापासून आकडा 14 ते 18 मध्ये आहे, दोन थेंबांवर.

नजर मात्र गेली. आधी हात हलवलेला कळायचा, आता फक्त उजेड कळतो. त्यात आजाराचा वाटा किती आणि लेसरचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तरीही तोच निर्णय मी पुन्हा घेईन. त्या भिंतीवर आईच्या कपाळाच्या तेलाचा डाग होता, तो मी पाहिलाय.

डाव्या डोळ्याचा दाबही दर वेळी मोजून घेते, आता सगळी मदार त्याच्यावर आहे. पण गेल्या तपासणीला खुर्चीतून उठता उठता आईने आधी विचारलं, "उजव्याचा किती?"

"पंधरा, आई."

"लिही," ती म्हणाली, आणि काठीसाठी हात पुढे केला.