डाडच्या समर कोर्सची स्कॉलरशिप आणि एका ट्रान्सक्रिप्टसाठी घातलेले हेलपाटे

ज्यांना डाडच्या (DAAD) जर्मनीतल्या उन्हाळी भाषा कोर्सच्या स्कॉलरशिपला अर्ज करायचाय त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचा: विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरचे गुण एकत्र दाखवणारा कागद) काढायचा अर्ज गणपतीच्या आधी टाका. दिवाळी झाली की बघू म्हणालात तर संपलंच. डेडलाइन माझ्या वेळी १ डिसेंबर होती, आणि नोव्हेंबर महिना आपल्याकडे कसा जातो ते सगळ्यांना माहितीये. आधी सुट्ट्या, मग सुट्ट्यांना जोडून टाकलेल्या रजा, मग परीक्षांचं काम आहे म्हणून खिडकी बंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डाड ही जर्मनीची विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची संस्था, १९२५ सालची, मुख्य ऑफिस बॉनला आणि आपल्याकडचं दिल्लीला. त्यांच्या भरपूर स्कॉलरशिप आहेत पण मी बोलतेय ती तिकडच्या विद्यापीठांमधल्या समर कोर्सची. कोर्स तीन-चार आठवड्यांचा, त्यात किमान १८ दिवस शिकवणं आणि आठवड्याला किमान २५ तास. पैसे एकरकमी मिळतात, हजार युरोच्या थोडे वर, त्यातूनच कोर्सची फी, राहणं, खाणं भागवायचं. प्रवासासाठी वेगळी रक्कम असते आणि विमा ते काढतात. स्कॉलरशिप सुरू होईपर्यंत पदवीची दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत, म्हणून मी टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असताना अर्ज केला. आणि अर्जाला एक रुपयाही फी नाही हे लक्षात ठेवा, कारण आमच्या बॅचमधल्या एका मुलीकडून एका कन्सल्टन्सीवाल्याने नुसतं पोर्टलवर अकाउंट उघडून द्यायचे पैसे घेतले होते, मला अजून राग येतो त्याचा.

घरी सगळे विचारत होते की ही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्तीच का. ती नाही. ती राज्य सरकारची, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात मास्टर्स किंवा पीएचडी करण्यासाठी आहे. भाषेच्या महिन्याभराच्या कोर्सला ती लागू होत नाही.

पोर्टल सोपं आहे. खातं उघडा, माहिती भरा, सीव्ही टाका (तक्ता पद्धतीचा, जर्मन लोक तसाच मागतात), मोटिव्हेशन लेटर टाका, भाषेचं सर्टिफिकेट टाका. एक वीकेंड पुरतो.

आता ट्रान्सक्रिप्ट. आत्तापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचे गुण एका ठिकाणी आणि गुण देण्याची पद्धत काय त्याचा खुलासा, असा कागद मागतात. मार्कशीटच स्कॅन करून का नाही टाकल्या असं विचाराल, तर आमच्या मार्कशीटवर विषयाच्या नावाच्या जागी नुसते पेपरचे कोड छापलेले आहेत. बॉनमध्ये बसलेल्या माणसाला त्या कोडवरून काय कळणार की मी व्याकरण शिकले की भाषांतर शिकले. आमच्या जर्मनच्या मॅडम म्हणाल्या, रीतसर ट्रान्सक्रिप्ट घे, उगाच धोका नको.

कॉलेजमध्ये गेले तर कॉलेज म्हणालं हे आमच्याकडे नाही, विद्यापीठात जा. विद्यापीठ म्हणजे आमच्या गावाहून एसटीने अडीच तास. तिथे परीक्षा विभागात पहिल्या खिडकीवर सांगितलं की ट्रान्सक्रिप्ट पदवी पूर्ण झाल्यावरच मिळतं. मी म्हटलं काका, मला आत्तापर्यंतच्या चार सेमिस्टरचंच हवंय, तर ते म्हणाले तसा नियम नाही. नियम कुठे लिहिलाय ते दाखवा म्हटल्यावर म्हणाले साहेबांना विचारा, आणि साहेब मीटिंगला. दुपारी साहेब भेटले आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले की मिळतं की, प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र आणा. म्हणजे नियम होता, फक्त खिडकीवरच्या माणसाला माहीत नव्हता आणि माहीत नाही असं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. एका वाक्यासाठी लांबून आलेल्या पोरांचा अख्खा दिवस जातो.

प्रिन्सिपलचं पत्र आणलं, सगळ्या मार्कशीटच्या साक्षांकित झेरॉक्स लावल्या, ऑनलाइन पैसे भरले, पावती जोडली, अर्ज आवक खिडकीवर दिला. पंधरा दिवसांनी फोन करा म्हणाले. फोन कोणी उचलत नाही, आणि उचलला तर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच. मध्ये दिवाळी आली. घरी फराळ चाललेला आणि माझं सगळं लक्ष पोर्टलवरच्या त्या एका रिकाम्या चौकटीकडे, बाकी सगळ्या कागदांपुढे हिरवी खूण आणि ट्रान्सक्रिप्टपुढे काहीच नाही.

सुट्टी संपल्यावर बाबा म्हणाले मी येतो बरोबर. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो, ऑफिस उघडायच्या आधी दारात. आणि तिथे एका दुसऱ्या टेबलावरच्या ताईंनी, ज्यांचं हे कामही नव्हतं, आवकचं रजिस्टर ओढलं आणि बोटाने एकेक ओळ खाली जात माझं नाव शोधलं. त्यापुढे निळ्या पेनाने लिहिलं होतं, "महाविद्यालयाकडे परत". तारीख दिवाळीच्या आधीची! का परत, तर चौथ्या सेमिस्टरच्या एका पेपरचे इंटर्नलचे मार्क त्यांच्या सिस्टिममध्ये दिसत नव्हते. माझ्या हातातल्या मार्कशीटवर ते मार्क छापलेले, खाली त्याच विभागाची सही, आणि सिस्टिममध्ये जागा कोरी. आणि परत पाठवल्याचं मला कोणी कळवलं नाही. मेल नाही, मेसेज नाही, अर्जावर माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला असताना. फोनवर मला "प्रोसेसमध्ये आहे" सांगणाऱ्याने ते रजिस्टर उघडलंच नव्हतं.

तिथून कॉलेजला. कॉलेजमध्ये ते पाकीट आलेलं होतं आणि क्लार्कच्या टेबलावर दिवाळीच्या सुट्टीभर तसंच पडलेलं, न फोडलेलं. आमच्या जर्मनच्या मॅडमनी त्याच दिवशी इंटर्नलचं रजिस्टर काढून गुणांची यादी टाइप केली, विभागप्रमुखांची सही, प्रिन्सिपलची सही, गोल शिक्का, सगळं तासाभरात. म्हणजे काम तासाभराचंच होतं. पुन्हा विद्यापीठ, पुन्हा आवक. ह्यावेळी मी पोच घेतल्याशिवाय हललेच नाही, आवक क्रमांक आणि तारीख घातलेली, आणि त्याचा तिथेच फोटो काढला. पोच मागितली की लोक थोडे तुटक बोलतात, बोलू दे. पुढच्या वेळी मी नाव सांगितलं नाही, सरळ आवक क्रमांक सांगितला आणि फाइल लगेच सापडली.

तरी पहिलं प्रिंट आलं त्यात माझं नाव मार्कशीटसारखं, आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि माझं नि वडिलांचं नाव वेगळ्या. बरेच जण ह्याला घाबरतात आणि गॅझेटमध्ये नावबदल छापून घ्यायला धावतात. गरज पडली नाही. स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखं असणं महत्त्वाचं, ते आधी तपासा. मी पोर्टलवर पासपोर्टप्रमाणे भरलं आणि त्यावर कोणी काही विचारलं नाही.

अंतिम ट्रान्सक्रिप्ट हातात आलं तेव्हा डेडलाइनला थोडेच दिवस उरले होते. विभागाच्या पायऱ्यांवर बसूनच मी चारही सेमिस्टर मोजली, गुणपद्धतीचा खुलासा मागच्या पानावर आहे ना ते बघितलं, आणि मग बाबांना फोन केला. तिथल्या तिथे तपासा म्हणून सांगते. माझ्यापुढच्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये एक सेमिस्टर दोनदा छापलं होतं आणि तो बसमध्ये बसायच्या आत परत आला म्हणून वाचला.

शिफारसपत्राचं राहिलंच. त्याचा फॉर्म पोर्टलमधूनच तयार होतो, आपण शिक्षकांची माहिती भरायची आणि तो त्यांच्याकडे द्यायचा. कोऱ्या लेटरहेडवर काहीतरी लिहून घेऊ नका. आणि शिक्षकही दिवाळीत गावाला जातात, तेव्हा हेही ऑक्टोबरच्या सुरुवातीला उरका. मॅडमना फॉर्म देताना मी सोबत माझा सीव्ही आणि मोटिव्हेशन लेटरचा कच्चा मसुदा दिला होता, म्हणजे दोन्हींत एकाच मुलीबद्दल लिहिलंय असं वाटतं.

मोटिव्हेशन लेटरमध्ये "जर्मन संस्कृतीची मला लहानपणापासून आवड आहे" हे लिहू नका प्लीज. ते सगळेच लिहितात. तीन कोर्स पसंतीक्रमाने निवडायचे असतात, मी लाइपझिग, येना, फ्रायबुर्ग निवडले आणि लाइपझिग पहिलं का ते नीट लिहिलं. ९ ऑक्टोबर १९८९ ला, तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या त्या शहरात, सुमारे सत्तर हजार लोक सरकारविरुद्ध रिंग रोडवरून शांतपणे चालले, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. आपल्याकडे आठवी-नववीत जर्मन घेणारी पुष्कळ मुलं आहेत, बरीचशी स्कोरिंग विषय म्हणून घेतात, त्यांना मला पुढे शिकवायचंय, आणि त्यांना हा पूर्वेकडचा जर्मनी माहीतच नसतो. हे मी लिहिलं कारण ते मला खरंच वाटतं. जर्मन साधीच ठेवली. मॅडमनी फक्त चुका दुरुस्त केल्या, वाक्यं माझीच ठेवली आणि मला ते आवडलं.

भाषेच्या सर्टिफिकेटचं: माझ्याकडे ग्योएटे इन्स्टिट्यूटचं जर्मनच्या बी-टू पातळीचं सर्टिफिकेट होतं, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनला परीक्षा दिलेली. चार मॉड्यूल, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. तारखा भराभर भरतात म्हणून ज्यांचं राहिलंय त्यांनी ऑनसेट (onSET) ह्या जर्मनच्या दुसऱ्या परीक्षेचा विचार करा. ती ऑनलाइन पण केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा, आठ छोटे उतारे, प्रत्येकात वीस गाळलेल्या जागा, एका उताऱ्याला पाच मिनिटं. निकाल लगेच कळतो. मात्र शब्दांचे शेवट पाठ असून भागत नाही, वाक्य कळावं लागतं.

सबमिट करताना एक गोष्ट. पोर्टलची वेळ जर्मनीची असते. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, म्हणजे त्यांची मध्यरात्र आपली पहाटे साडेचार. तेवढे तास आहेत म्हणून शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, कारण पीडीएफ अपलोड व्हायला तेव्हाच वेळ लागतो. सबमिट झाल्यावर अर्जाचा गोषवारा पीडीएफमध्ये येतो, तो डाउनलोड करून ठेवा, मेल करून ठेवा, प्रिंट काढा.

होळीच्या सुमारास निवड झाल्याचं कळलं. घरात पहिल्यांदाच कोणी परदेशी जाणार होतं. आई देवापुढे साखर ठेवून आली आणि मी त्या ताईंना, रजिस्टर उघडणाऱ्या, पेढे द्यायला विद्यापीठात गेले. त्या म्हणाल्या अगं मी काय केलं. खूप केलं त्यांनी. व्हिसाचं सांगण्यासारखं काहीच नाही. नव्वद दिवसांच्या आतला मुक्काम म्हणून शेंगेन व्हिसा, कागद लावले, बोटांचे ठसे दिले, झालं.

आणि हो, ट्रान्सक्रिप्टच्या अर्जात एकच प्रत मागू नका. जास्तीच्या प्रती तेव्हाच मागा, सीलबंद पाकिटात, फी थोडी वाढते. पुढे मास्टर्सला हाच कागद प्रत्येक विद्यापीठ मागणार आहे, आणि त्या खिडकीसमोर परत उभं राहायची वेळ कोणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.