आत्याची बाळंतपणं

आत्या गेली तेव्हापासून जो तो "काय माया होती तिची" एवढंच म्हणतो आणि गप्प होतो. माया होतीच. पण ती नेमकी कशी होती हे सांगायचं तर खारकेचं वजन, गुळाचा पाक आणि दुपट्याचे टाके सांगावे लागतात. सांगलीच्या गावभागातल्या त्या घरात आधी भावांच्या लेकीसुनांची बाळंतपणं झाली, मग त्यांच्या लेकीसुनांची. नात्याने ती कुणाची नणंद, कुणाची चुलतआजी. हाक मात्र सगळ्यांची "आत्या"च. आता घरात कुणाला सातवा लागला की फोन येतो तो एकाच गोष्टीसाठी: आत्याचं प्रमाण काय होतं? म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतो आहोत.

तिची तयारी सातव्या महिन्यातच सुरू व्हायची. डॉक्टरांनी दिलेली तारीख विचारायची आणि तिथून उलटं मोजायचं. लाडू तारखेच्या तीन आठवडे आधी, कारण बाळ तारीख पाळेलच असं नाही. गोधडीला दुपारच्या फावल्या वेळात टाके घालत बसलं तर वीस दिवस लागतात. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर खारीक आणि खोबरं उन्हाळ्यातच वाळवून, खारकेची पूड करून, घट्ट झाकणाच्या डब्यात. श्रावणात खारीक वाळवायला बसलात तर ती वाळत नाही, मिक्सरच्या पात्याला चिकट गोळा बसतो.

तिचे डिंकाचे लाडू हाच सर्वांत जास्त विचारला जाणारा विषय. प्रमाण असं: डिंक पाव किलो, बिया काढलेली खारीक अर्धा किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, खसखस 100 ग्रॅम, बदाम 100 ग्रॅम, मेथीचं पीठ 50 ग्रॅम, गूळ 600 ग्रॅम, साजूक तूप 300 ते 350 ग्रॅम, एक जायफळ आणि दहाबारा वेलदोडे. यात लिंबाएवढे साठच्या आसपास लाडू होतात. रोज सकाळी एक, म्हणजे दोन महिन्यांची बेगमी. "अंदाजे" हा शब्द तिला खपत नसे. ओट्यावर तराजू असायचा आणि गूळ फोडून झाल्यावर पुन्हा वजनाला लागायचा.

मेथीचं काम सगळ्यात आधी. मेथी कोरडीच मंद भाजायची, दळायची आणि ते पीठ वितळलेल्या तुपात कालवून आठ दिवस झाकून ठेवायचं. याने कडूपणा मोडतो. ज्यांनी ही पायरी गाळली त्यांचे लाडू पहिल्या आठवड्यानंतर डब्यातच राहिले. बाळंतीण काही बोलत नाही, गुपचूप नवऱ्याला देते.

आता डिंक. बाजारात दोन जातींचा मिळतो आणि इथे हमखास फसगत होते. लाडवाला खायचा डिंक लागतो, पिवळसर-तांबूस खड्यांचा. पाण्यात भिजवून सरबतात घालतात तो डिंक कतीरा वेगळा. तो तुपात फुलतच नाही. खायचा डिंक आणला की मोठे खडे फोडून हरभऱ्याएवढे करायचे आणि एक दिवस ऊन द्यायचं. तूप चांगलं तापलं की एक खडा टाकून बघायचा. लगेच फुलून वर आला पाहिजे. मग आच मध्यम करून मूठ मूठ तळायचा, एकदम सगळा नाही. तूप कमी तापलेलं असेल तर डिंक तूप पितो आणि चिवट होतो. जास्त तापलं तर वरून तपकिरी होतो आणि आत काचेसारखा कच्चा खडा राहतो, तो दाढेला चिकटून बसतो. प्रत्येक घाण्यातला एक दाणा आत्या बोटांत चिरडून बघायची. भुगा झाला तर पुढे, मधे काही टणक लागलं तर तो घाणा पुन्हा कढईत.

खोबरं किसून मंद आचेवर बदामी रंगावर भाजायचं आणि गार झाल्यावर हातानेच चुरायचं. मिक्सरमधून काढलं तर तेल सुटतं आणि महिन्याभरात खवट वास येतो. खसखस वेगळी भाजायची, ती क्षणात करपते. बदामाची भरड, खारकेची पूड, जायफळ-वेलची, चुरलेला डिंक, मेथी, सगळं परातीत एकत्र.

गुळाबद्दल तिचं म्हणणं ठाम होतं: साधा मऊ गूळ, चिक्कीचा गूळ कधीच नाही. किसलेला गूळ दोन चमचे तुपावर मंद आचेवर विरघळवायचा. कडेने बुडबुडे आले आणि गूळ फसफसून वर आला की लगेच खाली, आणि परातीतलं सगळं त्यात कालवून गरम असतानाच लाडू वळायचे. आणखी दोन मिनिटं ठेवलात तर पाक पक्का होतो आणि लाडू फोडायला बत्ता लागतो. पाकात पाणी घालायचं नाही. पाण्याचा किंवा दुधाचा हात लागला की पंधरा दिवसांत बुरशी. मिश्रण गार होऊन भुरभुरायला लागलं तर कढई पुन्हा मंद आचेवर धरायची, नाहीतर चमचाभर गरम तूप सोडायचं. दुधाचा शिपका देऊन वळायची युक्ती बऱ्याच जणी सांगतात. ती त्याच दिवशी संपणाऱ्या लाडवांसाठी ठीक आहे.

परदेशातल्या नाती फोनवरून विचारायच्या तेव्हा उन्हाचा प्रश्न यायचा. त्यांना तिने ओव्हन सांगितला होता: खारीक चिरून, 80 अंश सेल्सिअसवर, दार बोटभर उघडं ठेवून दीड-दोन तास. स्वतः तिने आयुष्यात ओव्हन वापरला नव्हता, पण खारीक वाकवल्यावर तुटली पाहिजे ही खूण जगभर चालते.

हळिवाचे लाडू ती वेगळे आणि थोडेच करायची, कारण ओल्या नारळाचे ते लाडू बाहेर तीनचार दिवसांपलीकडे टिकत नाहीत. रोजच्यासाठी खीर बरी. चमचाभर हळीव अर्धी वाटी पाण्यात दोन तास भिजवायचे, ते फुलून बुळबुळीत होतात. मग कपभर दुधात पाच मिनिटं शिजवायचे आणि गूळ घालायचा तो पातेलं खाली उतरवून जरा निवल्यावर. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं. हळीव बाळंतपणानंतरच, गरोदरपणात ती हळिवाला हात लावू देत नसे.

दुसरा मोठा पसारा कपड्यांचा. घरातली कुठलीही सुती साडी जुनी झाली की ती थेट आत्याच्या ट्रंकेत जायची, बोहारणीकडे नाही. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेलं लुगडं हे दुपट्याला सर्वांत चांगलं कापड. पण हल्लीच्या साड्यांत भेसळ असते, म्हणून ती प्रत्येक साडीचा एक धागा काढून काडीने जाळून बघायची. सुती धागा जळून मऊ राख होते. धाग्याच्या टोकाला कडक मणी जमला तर त्यात कृत्रिम सूत आहे, ती साडी बाजूला. असलं कापड शू शोषत नाही, ओल बाळाच्या अंगाशीच राहते आणि मांड्या लाल होतात.

दुपटं मीटर बाय मीटर, दोन पदरी. लंगोट दोन डझन, पावसाळ्यात तीन, कारण ते वाळत नाहीत. झबल्यांना गुंड्या नाहीत, बंद. आणि तेही गळ्याशी आखूड, चुकून मानेभोवती येऊ नयेत असे. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची. बघायला उलटं घातल्यासारखं दिसतं आणि नवीन माणूस हमखास टोकतो, पण बाळाच्या काखेत शिवण घासत नाही. टोपरं आणि कुंची मात्र ती बाळ झाल्यावरच बेतायची. आधी अंगाला लागायचे ते घरातल्याच एखाद्या मोठ्या झालेल्या मुलाचे जुने कपडे. यात रीत किती आणि मऊ कापडाची सोय किती, हा हिशेब तिने कधी केला नाही.

गोधडी साधारण तीन फूट बाय अडीच फूट. वर आणि खाली चांगलं कापड, मधे तीन पदर जुनं. सगळे पदर अंथरून आधी मधून कडेकडे लांब कच्चे टाके घालायचे, मग पक्का धावदोरा. कडा आधी शिवून टाकल्या तर शेवटी सगळा झोळ मधे गोळा होतो आणि तो बाळाच्या पाठीला टोचतो. वरचं कापड नवं मांजरपाट असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवूनच घ्यायचं. नाहीतर पहिल्याच धुण्यात नवं आटतं, जुनं तसंच राहतं आणि गोधडी सुरकुतते. रंगीत दोराही आधी पाण्यात बुडवून रंग जातो का बघायचा. लाल दोऱ्याने तिला एकदा चांगलाच इंगा दाखवला होता, त्यानंतर गोधड्या पांढऱ्या दोऱ्याच्याच.

अंघोळीबद्दल थोडक्यात. दूध पिऊन तासभर झाल्यावर मालिश, उन्हाळ्यात खोबरेल, थंडीत तिळाचं तेल. हात हलका, सांधे ओढायचे नाहीत. पाय लांब करून, बाळाला पायांवर घेऊन, कोपर बुडवून बघितलेल्या पाण्याने न्हाऊ घालायचं. हे शेवटपर्यंत तसंच राहिलं. बाकी पुष्कळ बदललं, आणि आमच्या मते आत्याचं खरं मोठेपण तिथे होतं. पहिल्या पिढीच्या वेळी ती टाळूवर तेल जिरवायची, कानानाकात थेंब सोडायची, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, ओवा आणि बाळंतशेपेची धुरी द्यायची. सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ असे एकेकाचे वळसे मोजून गुटी उगाळायची. जायफळाचा एक वळसा जास्त झाला तर बाळ सुस्तावतं, हे तीच सांगायची. दुसऱ्या पिढीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाही, त्यातून लहान बाळाला जंतूंचं विष बाधू शकतं. आत्याने कारण विचारलं, ऐकून घेतलं आणि सहाण उचलून माळ्यावर ठेवली. बंद खोलीत कोळशाचा धूर आणि वायू कोंडतो हे कळल्यावर शेगडीही गेली, तिच्या जागी गरम पाण्याची पिशवी आली. काजळ डोळ्यांत बंद. तीट हवीच असेल तर तळपायाला. नाळेला पूर्वी ती तेल-हळद लावायची. नंतर काहीच नाही, नाळ कोरडी ठेवायची आणि पडेपर्यंत बाळाला ओल्या कपड्याने पुसून घ्यायचं. तिच्या वयाच्या बायका "आमच्या वेळी काय मुलं जगली नाहीत का" म्हणायच्या. ती म्हणायची, "जी जगली नाहीत ती कोण मोजतंय?"

भेटायला येणाऱ्यांसाठी दारातच साबण आणि तांब्या. हात धुवा, पाच मिनिटं बसा, पाकीट ठेवा, निघा. बाळाचा मुका घ्यायचा नाही. बारशाच्या दिवशी काय गर्दी करायची ती करा, घुगऱ्या खा; एरवी बाळ झोपलं की बाळंतिणीने झोपायचं आणि तिला उठवायला सासू आली तरी परत पाठवायची. मात्र ताप आला, छातीत गाठ धरून लाल झाली किंवा तासाभरात एक पॅड भरायला लागला तर घरगुती काहीही न करता रिक्षा बोलवायची. बाळाचे तळहात-तळपाय पिवळे दिसले तरी तसंच. कोवळ्या उन्हात धरून बघू, असं म्हणणाऱ्याला ती सरळ बाहेर काढायची.

ज्यांना गरोदरपणात साखर निघाली होती त्यांच्यासाठी वेगळं काय करायचं, हे बरेच जण विचारतात. अशा वेळी ती आधी डॉक्टरांना विचारायला लावायची आणि लाडू वळायचीच नाही. गूळ आणि खारीक वगळून फुलवलेला डिंक, खोबरं, बदाम, खसखस आणि चिमूटभर सुंठ यांची कोरडी भरड करून ठेवायची आणि त्यातली दोन चमचे सकाळी दुधाबरोबर द्यायची. जेवायला बाजरीची भाकरी, वर तूप, लसणाची चटणी, शेपू किंवा मेथीची भाजी आणि मुगाचं वरण. भरडीत तूप कमी असतं म्हणून ती लाडवांइतकी टिकत नाही. पंधरा दिवसांपुरतीच करावी आणि काचेच्या बरणीत, कोरडा चमचा घालूनच काढावी.