तुम्ही विचारलंत म्हणून: पाय लांब केला, मग बुटात पॅड कशाला?

बूट काढले की कुणाची ना कुणाची नजर उजव्या बुटातल्या करड्या पॅडवर जातेच. मग प्रश्न येतो, "अहो, ऑपरेशन करून पाय लांब केलात ना? मग अजून हे कशाला?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव असते, म्हणजे ऑपरेशन फसलेलं दिसतंय अशी. फसलेलं नाही. पण उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून इथे लिहितो.

आठव्या वर्षी पडलो. उजव्या नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली जिथून वाढतं, नेमकी तिथेच इजा झाली. हाड जुळलं, पण वाढ थांबली. डावा पाय वाढत राहिला, उजवा मागे पडत गेला. सोळाव्या वर्षापर्यंत फरक पाच सेंटीमीटर झाला. तेव्हाचा माझा बूट म्हणजे तळाला जाड थर चिकटवलेलं एक वजनदार धूड. इतकं जाड सोल वाकत नाही, म्हणून पुढून ते होडीच्या नाळेसारखं वर घासून घ्यावं लागतं, नाहीतर पाऊल पुढे पडतच नाही.

मग पायाला रिंग लागली, म्हणजे पायाभोवती बाहेरून धातूची कडी, हाडातून आरपार तारांनी धरलेली. हाड कापायचं, पाच-सात दिवस थांबायचं आणि नंतर दोन्ही टोकं रोज एक मिलिमीटरने दूर न्यायची. एकदम नाही, दिवसातून चार वेळा, नटाचा पाव-पाव फेरा. मधल्या फटीत नवं हाड धरत जातं. ही पद्धत गाव्रील इलिझारोव या सोव्हिएत डॉक्टरांनी १९५० च्या दशकात सैबेरियातल्या कुर्गानमध्ये बसवली. पश्चिम युरोपला ती उशिरा कळली. कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक आपला न जुळलेला, आखूड झालेला पाय घेऊन १९८० मध्ये कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला, तेव्हा इटलीतल्या डॉक्टरांचे डोळे उघडले. पाना हातात घेऊन नट फिरवताना मला या माउरीचा फार आधार वाटायचा.

त्या दिवसांत रिंगसकट पायात जाईल अशी एक सँडल होती, तळाला पाच थरांची. हाड साधारण सेंटीमीटरभर वाढलं की, म्हणजे दर दहा दिवसांनी, बूट दुरुस्त करणारे काका रापीने एक थर सोलून काढायचे. रापी रबरातून जाताना येणारा तो करकर आवाज मला एक्स-रेपेक्षा खरा वाटायचा. सोललेले थर मी खणात ठेवायचो. एकेचाळीस मिलिमीटरवर डॉक्टरांनी थांबवलं. हाड वाढायला तयार होतं, पोटरी आणि टाचेमागची शीर तयार नव्हती. हाडाच्या मानाने स्नायू कंजूष असतात. तुम्ही हाड लांबवता आणि ते टाच वर ओढून धरतात. चवडा खाली, टाच अधांतरी.

आता गंमत ऐका. फिजिओने मला उभं करून कमरेच्या दोन्ही बाजूंना बोटं लावून पाहिलं, तर कंबर अगदी सरळ! पाचातले चारच भरून निघाले होते, तरी सरळ. त्यामुळे सँडलचा शेवटचा थरही निघाला. घरी सगळे खूश. पण मी चवड्यावर उभा होतो, आणि चवड्यावर उभ्या माणसाचा पाय लांबच भरणार.

सहा महिन्यांनी नवं हाड पुरेसं घट्ट झालं आणि रिंग निघाली, तेव्हा बुटात पहिलं पॅड आलं. फक्त टाचेखाली, दोन सेंटीमीटरचं, पाचरीसारखं. टाच टेकत नसताना तसंच चालत राहिलं तर गुडघा मागे ढकलला जातो, तो धक्का वाचवायला ही पाचर. मात्र तिच्यात एक गोम आहे. टाचेला उंचीवर बरं वाटतं आणि शीर आखूडच राहते. म्हणून ती फक्त चालण्यापुरती. एरवी भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची आणि रात्री पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट लावून झोपायचं. शीर जरा सैल झाली की पाचर तीन-चार मिलिमीटर घासायची. ज्यांनी उंची वाढवण्यासाठी दोन्ही पाय लांबवून घेतलेत आणि आता आणखी उंच दिसायला बुटात टाचा घालायच्यात, त्यांनाही माझं सांगणं एवढंच आहे की आधी टाच जमिनीला टेकू द्या आणि डॉक्टरांना विचारा. नवं हाड कच्चं असताना उंच टाचेवर पाय मुरगळणं तर मुळीच परवडणारं नाही.

पाच महिन्यांनी पाचर संपली. अनवाणी उभा राहिलो, टाच टेकली, आणि माझा पाय पुन्हा आखूड झाला. कंबर उजवीकडे कलली. पायाखाली लाकडी पट्ट्या सरकवून मोजलं, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढला. फरक नऊ मिलिमीटर. जे चवड्याने इतके दिवस झाकून ठेवलं होतं ते बाहेर पडलं.

तर सध्याचं पॅड या नऊ मिलिमीटरसाठी आहे. पहिलं पॅड शिरेसाठी होतं, हे हाडासाठी आहे. ते लवकरात लवकर टाकायचं होतं, हे राहणार आहे. ते फक्त टाचेखाली होतं, हे पुढपर्यंत जातं. टाचेशी जाड आणि बोटांकडे निमुळतं. दोन्हींना लोक पॅडच म्हणतात, त्यामुळे "अजून आहेच का?" हा प्रश्न येतो.

नऊ मिलिमीटरसाठी कुणी पुन्हा हाड कापत नाही. दोन सेंटीमीटरच्या आतला फरक बहुधा बुटावरच भागवतात, आणि सेंटीमीटरच्या आतला फरक तर कित्येकांच्या पायांत असतो, त्यांना पत्ताही नसतो. डॉक्टर म्हणाले, "त्रास होत नसेल तर काहीच घालू नका." दोन महिने नाही घातलं. घरात चालतं, पण दिवसभर उभं राहावं लागलं की संध्याकाळी कमरेत डावीकडे एक ठरावीक जागा ठणकते. म्हणून घालतो, तेही सहाच मिलिमीटरचं. पुरे नऊ घालून पाहिले, तर उतारावर चालल्यासारखं वाटत होतं. शिवाय बुटाच्या आत सेंटीमीटरच्या आसपास गेलं की टाच बाहेर निसटायला लागते. मग थर बाहेरून तळाला चढवावा लागतो. तो धूड बूट मला पुन्हा नको.

पॅड दबतं. मऊ फोमचं तर फारच लवकर. दर दोन-तीन महिन्यांनी काढून कडेला पट्टी धरून मोजतो. परवा सहाचे साडेचार भरले, म्हणजे कमरेची कुरकुर उगाच नव्हती.

आणि बूट घ्यायला गेलो की विक्रेता नेमका डावा बूट पुढे करतो. मी आधी उजवा मागतो. त्याचं आतलं इनसोल उपसून काढतो, खिशातलं पॅड आत सारतो, मागची बाजू टाच धरून ठेवेल इतकी खोल आहे का ते बघतो. समोरच्याला वाटतं मी काहीतरी हरवलेलं शोधतोय.