रोप तुटला तर?

धबधब्यातल्या रॅपलिंगला, म्हणजे रोपावरून (दोरावरून) कडा उतरायला, पहिल्यांदा निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: "रोप तुटला तर?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून हे जरा सविस्तर उत्तर.

रोप सहसा तुटत नाही. या कामाला १०.५ किंवा ११ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा स्टॅटिक रोप लागतो. त्यावर 'ईएन १८९१, टाइप ए' हे युरोपीय मानक छापलेलं असेल, तर तो निदान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२०० किलोचा भार पेलतो. गाठ मारली की यातली साधारण एक तृतीयांश ताकद जाते, नायलॉन भिजलं की आणखी थोडी जाते. एवढं वजा करूनही ८० किलोच्या माणसासाठी दहापटीहून जास्त ताकद उरते. रोपाचा खरा वैरी म्हणजे कातळाची धार. रोप ताणलेला असताना तुम्ही आडवे झोके घेतलेत, तर तो त्याच एका कडेवर करवतीसारखा घासतो. म्हणून कडेवर रोपाखाली जाड पॅड किंवा रोप प्रोटेक्टर हवाच, आणि उतरताना सरळ रेषेत उतरायचं.

आयोजकाला विचारायला हवं ते वेगळंच. मी मध्येच अडकलो, तर मला खाली कसं घेणार, आणि किती वेळात?

कोरड्या कड्यावर अडकलेला माणूस ओरडून सांगू शकतो, कुणी येईपर्यंत दम धरू शकतो. धबधब्यात डोक्यावर पाणी कोसळत असतं. नीट श्वास घेता येत नाही, आवाज वर पोचत नाही, गारठ्यानं बोटं वळत नाहीत. तिथे हिशोब मिनिटांचा असतो.

माणूस अडकतो कसा, तर बहुतेक वेळा अगदी साध्या कारणानं. मोकळे केस किंवा सैल टी-शर्टचा घेर डिसेंडरमध्ये, म्हणजे कमरेपाशी अडकवलेल्या, उतरण्याचा वेग आवरणाऱ्या धातूच्या साधनात ओढला जातो आणि वजनानं आवळून बसतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'फिगर ऑफ एट' (इंग्रजी आठच्या आकाराचा) डिसेंडर वापरतात. कडेवरून उतरताना त्याच्यावरचा रोपाचा वेढा कातळाला घासून वर सरकला, तर गाठ पडून तो जाम होतो. मग ना वर, ना खाली. काही जण नवख्यांसाठी डिसेंडरच्या खाली प्रुसिकसारखा, भार येताच रोपाला आवळणारा दोरीचा वेढाही लावतात, म्हणजे हात सुटला तरी माणूस थांबतो. कोरड्या कातळावर ही सोय उत्तम. जोराच्या पाण्यात मात्र ती आम्हाला पटत नाही, कारण घाबरलेल्या माणसाकडून तो वेढा सुटत नाही आणि तो नेमका धारेखाली थांबतो.

"आमचा बीलेअर (रोप सांभाळणारा साथीदार) खाली उभा असतो" हे उत्तर अर्धंच आहे. खालच्या माणसानं रोप खेचून धरला की उतरणारा जागच्या जागी थांबतो. हात सुटून घसरणाऱ्याला त्यानं वाचवता येतं, अडकलेल्याला सोडवता येत नाही. वरून दिलेल्या दुसऱ्या रोपाचंही तसंच. मुख्य रोपावर डिसेंडर आवळून बसला असेल, तर नुसता दुसरा रोप सोडून माणूस खाली येत नाही.

यावरचा उपाय वर अँकरपाशी, म्हणजे रोप जिथे बांधलेला असतो तिथे, करायचा असतो. मुख्य रोप अँकरला कायमच्या गाठीनं न बांधता सोडता येईल अशा पद्धतीनं बांधायचा, उदाहरणार्थ मन्टर हिच ही सरकवता येणारी गाठ घालून ती लॉक करून. माणूस अडकला की वरचा माणूस लॉक काढतो आणि रोपासकट त्याला सावकाश खाली सोडतो. सराव असेल तर हे काम मिनिटभरात होतं. मात्र सोडायला वर तेवढा रोप शिल्लक हवा. कसाऱ्याजवळच्या विहीगावचा धबधबा साधारण १२० फुटांचा. तिथे ६० मीटरचा, म्हणजे जेमतेम २०० फुटी रोप पुरणार नाही. दुप्पट उंचीचा, २४० फुटी लागेल आणि अँकरसाठी थोडा जास्तीचा. आयोजकाला नि:संकोच सांगा, "एकदा सपाटीवर करून दाखवा." येत असेल तो आनंदानं दाखवेल. टाळाटाळ झाली तर त्या दिवशी नुसता धबधबा बघून परत या.

अँकर स्वतः पाहा. दोन वेगवेगळे हवेत, एक निघाला तरी दुसरा तयार असलेला. दोहोंमधला कोन ६० अंशांच्या आत असावा; १२० अंश झाला तर प्रत्येकावर अर्धा भार येण्याऐवजी पूर्ण भार येतो. झाडाला बांधला असेल, तर झाड जिवंत आणि निदान मांडीएवढं जाड आहे ना, ते पावसानं भुसभुशीत झालेल्या मातीत तर उभं नाही ना, हे बघा.

आता सह्याद्रीच्या कातळाबद्दल, कारण उतरण्याचं तंत्र त्यावर ठरतं. हा लाव्हाच्या थरांचा बेसॉल्ट आहे. वरचा थर टणक, खालचा बऱ्याचदा ठिसूळ. पाणी खालचा थर झिजवतं आणि वरची कड पुढे आलेली राहते. म्हणून निम्म्यात अचानक पायाखालचा कातळ संपतो. पाय खाली शोधत राहिलात तर तोंड कडेवर आपटतं. अशा कडेशी पोचल्यावर पाय कडेवरच ठेवायचे, बूड पायांच्या खाली जाईल इतकं खाली बसायचं, मग दोन्ही पाय एकदम अलगद सोडायचे. या वेळी डावा हात रोप आणि कातळाच्या मध्ये ठेवू नका, बोटं चिरडतात.

बाकी वेळी पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, तळवा पूर्ण टेकलेला, पाठ खुर्चीत बसल्यासारखी ताठ. उजवा हात कमरेच्या खाली. तोच तुमचा ब्रेक. नवखे लोक डाव्या हातानं वरचा रोप जिवाच्या आकांतानं आवळतात, त्यानं हात भरून येण्यापलीकडे काही होत नाही. शेवाळावरून घसरलात तरी उजवा हात सोडायचा नाही. खांदा कातळाकडे करून तोंड वाचवायचं आणि पुन्हा पाय लावायचे. धारेत शिरल्यावर हनुवटी छातीला लावा. हेल्मेटच्या कडेवरून पाणी पुढे पडतं आणि नाकासमोर श्वासापुरती जागा राहते. वर पाहिलंत की ती जागा गेली.

पाण्याचं काही सांगता येत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ओढा वरच्या पठारावरच्या पावसानं फुगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तेही असंच अचानक वाढलेलं पाणी होतं. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज घुमायला लागला, डोहातला मघाचा दगड दिसेनासा झाला, यातलं एक जरी जाणवलं तरी उतरणं थांबवायचं. जुलैच्या झोडपणाऱ्या पावसापेक्षा ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर आम्हाला जास्त पसंत. जिल्हाधिकारी पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, ते निघण्यापूर्वी तपासा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, तीही विचारा.

एका रोपावर किती जण, हे तर विचाराच. एका माणसाला ८ ते १० मिनिटं धरली, तर ३० जणांना ४ ते ५ तास. तेवढा वेळ रांगेतले लोक कड्यावरच्या वाऱ्यात भिजून उभे. गारठ्यानं ज्याला स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा बोटांनी लावता येत नाही, त्यानं उतरायचं नाही. विंडचीटर आणि शेंगदाण्याची चिक्की जवळ ठेवा. जीन्स नको, ती भिजून जड होते आणि लवकर वाळत नाही. बूट खोल खाचांच्या रबरी तळाचे. केस बांधून टी-शर्टच्या आत, टी-शर्ट खोचलेला, अंगठ्या घरी. हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा) कमरेच्या हाडांच्या वर, आत तळहात जाईल पण मूठ जाणार नाही इतका घट्ट. खांदा निखळण्याची सवय असेल तर हा खेळ टाळा.

शिट्टीच्या खुणा वरच ठरवून घ्या, पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. खाली डोह छातीपेक्षा खोल असेल तर लाइफ जॅकेट हवं आणि रोपाचं टोक पाण्याला जेमतेम टेकेल एवढंच, गाठ न मारता सोडलेलं. पाण्यात तरंगणारा जादा रोप पायांत गुंततो. पाय टेकले की रोप डिसेंडरमधून काढा, धारेच्या रेषेतून आडवे बाजूला व्हा आणि मोकळे झाल्याची शिट्टी द्या. वरून दगड येतात, त्यामुळे शेवटचा माणूस उतरेपर्यंत हेल्मेट डोक्यावरच राहू द्या.